इंग्रजी साहित्याच्या पदवीत नेमकं काय शिकतात

इंग्रजी साहित्याला प्रवेश घेतला की आजूबाजूचे लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. आता इंग्रजी फाडफाड बोलता येणार, ही एक. आणि कादंबऱ्याच तर वाचायच्या आहेत, मजा आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट या अभ्यासक्रमाच्या कक्षेतच नाही. व्याकरण आणि संभाषण तिथं कोणी शिकवत बसत नाही, ते येतंच असं धरून चालतात. दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे. वाचायला भरपूर मिळतं, पण वाचून आपल्याला काय वाटलं याला गुण नसतात. जे वाटलं ते पानावरच्या कोणत्या शब्दांमुळे वाटलं, हे दाखवायचं असतं आणि न पटणाऱ्या माणसालाही पटवायचं असतं. सगळी पदवी म्हणजे या एका कामाचा सराव. अभ्यासक्रमातले कवी, नाटककार, कालखंड हा त्या सरावाचा कच्चा माल.

सुरुवात बहुधा एका कागदापासून होते. त्यावर बारा-चौदा ओळींची कविता असते. कवीचं नाव नाही, साल नाही. ही पद्धत केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌स यांची. त्यांनी अशा निनावी कविता विद्यार्थ्यांना वाचायला देऊन लेखी अभिप्राय मागवले, आणि त्यांतल्या १३ कवितांवरच्या अभिप्रायांची १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात चिरफाड केली. चांगले शिकलेले विद्यार्थी साधा वाच्यार्थ लावतानाच घसरत होते. स्वतःच्या आठवणी कवितेवर लादत होते, ठरावीक विषय दिसला की ठरावीक गहिवर काढत होते. पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या कोणत्याही वर्गात हा प्रयोग केला तरी हेच प्रकार याच क्रमाने सापडतील.

या कागदाचं करायचं काय, याला एक क्रम आहे. आधी कविता मोठ्याने वाचायची. मग ओळी विसरून वाक्यं शोधायची: कर्ता कुठे, मुख्य क्रियापद कुठे, वाक्य कुठे संपतं. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच टाळलं जातं. पण निम्म्या चुका कर्ता चुकीचा धरल्यामुळे होतात. तिसऱ्या वाचनाला पेन्सिल हातात घ्यायची. पुन्हा पुन्हा येणारा शब्द, न शोभणारा शब्द, बदललेला काळ, बदललेलं सर्वनाम, ‘पण’ किंवा ‘तरीही’ अशी वळणाची जागा, एवढ्यावर खुणा करायच्या. कविता कशाबद्दल आहे हे यानंतर. नवखा विद्यार्थी उलट्या दिशेने येतो. ‘ही कविता मृत्यूबद्दल आहे’ असं आधी ठरवतो आणि मग त्याला जुळणारे तुकडे वेचतो. न जुळणारे तुकडे अर्थातच कागदावरच राहतात, आणि कवितेतली खरी गंमत बहुतेक वेळा त्यांतच असते.

शाळेतून आलेली दुसरी सवय म्हणजे अलंकार ओळखून नाव सांगणं. इथं अनुप्रास, इथं रूपक, इथं चेतनगुणोक्ती. नाव बरोबर असलं तरी त्याला गुण नाहीत. त्या रूपकामुळे त्या वाक्यात काय घडतं, ते काढलं तर काय कमी होईल, हे सांगितलं तरच गुण. नादाबद्दलचे दावे तर फारच जपून करावेत. ‘स’ पाच वेळा आला म्हणून सापाचा फुत्कार ऐकू येतो, असं लिहिलं की समासात प्रश्नचिन्ह ठरलेलं; कारण इंग्रजीच्या कोणत्याही पाच ओळींत ‘स’ तितकाच येतो.

वृत्ताच्या बाबतीत मराठी वाचकाची वेगळी अडचण होते. वृत्त आपल्याला नवीन नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे अक्षर लघु की गुरू हे स्वराच्या लांबीवरून आणि पुढच्या जोडाक्षरावरून ठरतं. इंग्रजी वृत्त आघातावर चालतं: शब्द म्हणताना जोर कोणत्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, पडतो, एवढाच प्रश्न. आयंबिक पेंटॅमीटर म्हणजे पाच गण, प्रत्येक गणात आधी बिनजोराचा आणि मग जोराचा अवयव, असे साधारण दहा अवयव. दीर्घ स्वर दिसला की जोर टाकायचा, या सवयीने खुणा केल्या तर पाच ओळींतच गाडी रुळावरून घसरते. खात्रीचा मार्ग असा: आधी दोन किंवा अधिक अवयवांचे शब्द घ्या, त्यांचा जोर शब्दकोशात छापलेला असतो, तिथं वादच नाही. मग एकावयवी नामं, क्रियापदं, विशेषणं. उपपदं, शब्दयोगी अव्ययं, सहायक क्रियापदं शेवटी. एवढं झालं की चाल दिसू लागते, आणि मग ती कुठे मोडली आहे ते पाहायचं.

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’ या नाटकाची पहिली ओळ वर्गात हमखास येते: ‘नाउ इज द विंटर ऑफ अवर डिसकंटेंट’. ‘विंटर’चा जोर पहिल्या अवयवावर, ‘डिसकंटेंट’चा मुख्य जोर शेवटच्या अवयवावर. पाच गण पाडले तर ‘विंटर’ मधोमध तुटतो आणि त्याचा अर्धा भाग पुढच्या गणात जातो. गणाची सीमा शब्दाच्या सीमेवर येईलच असं नसतं, हे इथं एकदाच नीट कळतं. पहिला गण उलटा आहे, जोर आधी ‘नाउ’वर पडतो. यंत्रासारखं म्हटलं तर तो ‘इज’वर पडेल आणि ओळ बावळट ऐकू येईल. आणखी एक: वाक्य या ओळीत संपत नाही. इथंच थांबलं तर असंतोषाचा हिवाळा चालू आहे असा अर्थ होतो. दुसऱ्या ओळीत कळतं की तो हिवाळा सरून झगझगीत उन्हाळा झाला आहे. वाक्य ओळीच्या टोकाला न थांबता पुढे वाहतं, याला एन्जॅम्बमेंट म्हणतात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ही ओळ नेहमी पहिल्या, अपुऱ्या अर्थाने वापरली जाते.

नाटक शिकताना कान जितका लागतो तितकीच सर्वनामंही लागतात. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात राणी मुलाला म्हणते, तू तुझ्या बापाला फार दुखावलं आहेस, आणि तिथं ती ‘दाउ’ वापरते, म्हणजे आपलं ‘तू’. हॅम्लेट तेच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं परत फेकतो, पण दोन बदल करून. ‘तू’च्या जागी ‘यू’, आणि ‘तुझ्या बापाला’च्या जागी ‘माझ्या बापाला’. तिच्या वाक्यातला बाप म्हणजे सिंहासनावर बसलेला काका, त्याच्या वाक्यातला बाप म्हणजे मेलेला राजा. पुढच्याच उत्तरात राणीही ‘यू’वर येते. तीन ओळींत आई-मुलातलं अंतर वाढलेलं दिसतं, आणि रंगसूचनेत त्याबद्दल एक अक्षर नाही. तू-तुम्हीच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे चटकन जाणवतं, हा आपला फायदा. तोटा असा की आपण अतिरेक करतो. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘यू’ हे सर्रास, रोजचं सर्वनाम झालं होतं. त्यामुळे नुसतं ‘यू’ दिसलं म्हणून आदर किंवा दुरावा सिद्ध होत नाही. पुरावा असतो तो ‘दाउ’मध्ये, आणि त्याहून जास्त मध्येच झालेल्या बदलामध्ये. शिवाय ‘दाउ’ जवळिकीचं असतं तसं तिरस्काराचंही असतं, नोकराला असतं आणि देवालाही असतं. कोणतं आहे ते प्रसंगावरून ठरतं.

इथंच आणखी एक धक्का बसतो. ‘हॅम्लेट’ नावाची एकच संहिता नाही. १६०३चं क्वार्टो (एका नाटकाची लहान आकाराची छापील प्रत), १६०४-०५चं दुसरं क्वार्टो आणि १६२३चा फोलिओ (नाटकांचा मोठ्या आकाराचा एकत्रित ग्रंथ), अशी तीन रूपं छापलेली आहेत. पहिलं बरंच आखूड, दुसऱ्याच्या निम्म्याहून थोडंच मोठं. जगणं की न जगणं या प्रसिद्ध स्वगताची पहिली ओळसुद्धा त्यात वेगळीच संपते. आपण हातात धरतो ती प्रत कोणा संपादकाने या रूपांमधून निवड करून बनवलेली असते. १६२३च्या फोलिओत ३६ नाटकं आहेत, आणि त्यांतली १८ त्याआधी कधी छापलेलीच नव्हती. ‘मॅक्बेथ’ आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’ त्या पुस्तकामुळेच उरली.

म्हणून कोणती आवृत्ती घेतली हा किरकोळ प्रश्न नाही. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली आली आणि १८३१ साली तिने ती बदलून पुन्हा छापली. पहिल्या रूपात एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे, दुसऱ्यात बाहेरून आणून वाढवलेली मुलगी. कुटुंब, रक्ताचं नातं यांवर निबंध लिहायचा आणि प्रत कोणती ते बघायचं नाही, तर सगळा युक्तिवाद फुकट. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. १८९०च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी तिच्या आडव्या रेघा (डॅश) काढून नेहमीची विरामचिन्हं घातली होती, यमकंही जागोजागी गुळगुळीत केली होती. तिच्या हस्तलिखितांना धरून केलेली पूर्ण आवृत्ती १९५५ साली आली. त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या प्रतीवर विसंबू नये. तीत ओळींचे क्रमांक नसतात, टिपा नसतात, आणि ती कोणत्या सालच्या रूपावरून घेतली हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. टिपांसह संपादित आवृत्ती घ्यावी, आणि सगळ्या वर्गाने तीच घेतली तर फार बरं, कारण चर्चेत ‘पान १४२, वरून तिसरी ओळ’ असं म्हणता आलं पाहिजे.

कालखंडांचे पेपर भराभर सांगतो. काही विद्यापीठांत जुनी इंग्रजी शिकवतात, ती अक्षरशः परकी भाषा म्हणून: विभक्ती, लिंगं, क्रियापदांची रूपं पाठ करून. ‘बेओवुल्फ’ हे ३,१८२ ओळींचं काव्य एकाच हस्तलिखितात उरलं आहे, आणि १७३१च्या आगीत त्याच्याही कडा जळाल्या. चॉसरची चौदाव्या शतकाअखेरची इंग्रजी त्यामानाने सोपी. पानाखालच्या शब्दार्थांवर भिस्त ठेवून मोठ्याने वाचत गेलं की दोनेक आठवड्यांत जमते. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला. स्पेलिंग स्थिरावू लागलं त्याच शतकांत दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र सरकत होते. इंग्रजी स्पेलिंगच्या आजच्या वेडेपणाचं बरंचसं मूळ इथं आहे. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ची १६६७ साली दहा पुस्तकं होती, १६७४ साली बारा झाली. पुढे स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम), व्हिक्टोरियन कादंबरी, १९२२च्या आसपासचा आधुनिकतावाद. हे सगळं टप्प्याटप्प्याने येतं आणि पहिल्या वाचनाला थोडं अंगावरूनच जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरावं ते वेळापत्रकाला. व्हिक्टोरियन पेपरात आठवड्याला एक कादंबरी हा भाव असतो. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ तीन लाखांहून जास्त शब्दांची आहे. मिनिटाला २०० शब्द या वेगाने नुसतं वाचायला २५ तास लागतात, खुणा आणि टिपणं वेगळी. म्हणून लांब कादंबऱ्या सुट्टीत वाचून ठेवायच्या आणि सत्रात त्यांच्याकडे परत यायचं. वाचताना प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन ओळी लिहाव्यात: काय घडलं, आणि कोणता परिच्छेद पुन्हा बघायचा आहे. पिवळ्या मार्करने निम्मं पान रंगवणं म्हणजे काहीच न रंगवणं. आणि आयत्या सारांशावर वर्गात दहा मिनिटं निभावून नेता येतं; पण कोणी ‘हे कोण सांगतंय?’ असं विचारलं की बोलणं खुंटतं, कारण सारांशात निवेदक नसतो.

हा ‘कोण सांगतंय’ कादंबरीच्या अभ्यासातला मध्यवर्ती प्रश्न. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये सोळाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला एमा विचार करत, खंतावत बसते असं निवेदक सांगतो, आणि लगेच पुढचं वाक्य येतं: ‘इट वॉज अ रेचिड बिझनेस इनडीड!’, म्हणजे फारच वाईट प्रकार झाला. हे मत कोणाचं? व्याकरण निवेदकाचं, भूतकाळी. उद्गार मात्र एमाच्या मनातला. ‘तिला वाटलं’ असं कुठंच म्हटलेलं नाही. याला फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स म्हणतात. मराठीत मनातलं बोलणं आपण वर्तमानातच ठेवतो, ‘काय हा प्रकार!’ म्हणतो. त्यामुळे इंग्रजीतला भूतकाळ दिसला की मराठी वाचक ते निवेदकाचं ठाम विधान समजून बसतो आणि ऑस्टिनचा सगळा उपरोध हातातून निसटतो. एक सोपी चाचणी आहे. वाक्य ‘मी’ आणि वर्तमानकाळात फिरवून पाहायचं. ते पात्राच्या तोंडी चपखल बसलं, शब्द त्याच्याच ठेवणीतले वाटले, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह असलं, तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसऱ्या वर्षाच्या आसपास थिअरी, म्हणजे साहित्य कसं वाचावं याचे सिद्धांत, येते आणि वर्गाची दोन शकलं होतात: एकाला ती निरुपयोगी वाटते, दुसऱ्याला ती सगळ्या कुलपांची किल्ली वाटते. माझ्या मते दोघांचंही चुकतं. लेखकाचा हेतू हा अर्थाचा निकष धरू नये, हे विम्सॅट आणि बियर्ड्सली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ साली मांडलं. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्तने १९६७ साली लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. ही वाक्यं पाठ करून परीक्षेत लिहिता येतात, पण थिअरी समजते ती एका पुस्तकावरचं भांडण ओळीने वाचल्यावर. शार्लट ब्राँटीची कादंबरी ‘जेन एअर’ (१८४७) घ्या. जेन ही तिची नायिका आणि निवेदक, रॉचेस्टर हा जेन जिच्याशी लग्न करायला निघते तो घरमालक. माळ्यावर कोंडलेली रॉचेस्टरची पहिली बायको बर्था हा वादाचा मुद्दा. जीन ऱ्हिसने १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून तिची बाजू कादंबरीतच मांडली. गिल्बर्ट आणि गुबार या स्त्रीवादी समीक्षकांनी १९७९ साली बर्थाला जेनच्या दडपलेल्या रागाचं रूप मानलं. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ साली आक्षेप घेतला: जेनला स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभं राहता यावं यासाठी वसाहतीतून आणलेल्या या बाईला माणसाच्या आणि पशूच्या सीमेवर ढकललं आहे, आणि ते स्त्रीवादी वाचनाला दिसत नाही. आता सव्विसावं प्रकरण उघडून बघा. बर्था पहिल्यांदा उघडपणे समोर येते तिथं जेनचं निवेदन तिला ‘शी’ न म्हणता ‘इट’ म्हणतं. एवढ्या मोठ्या वादाचा पुरावा पुन्हा एका सर्वनामात आहे. उलट दिशेने, म्हणजे ‘मी इथं वसाहतोत्तर दृष्टिकोन लावतो’ असं म्हणून सुरू केलेला निबंध सहसा फसतो, कारण त्याला काय सापडणार हे पहिल्या परिच्छेदातच ठरलेलं असतं.

हा विषय मुळात कसा जन्मला, हेही थिअरीच्या पेपरात येतं आणि ते भारतीय वाचकाने मुद्दाम वाचावं. ऑक्सफर्डला इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ साली झाली, केंब्रिजची स्वतंत्र परीक्षा १९१७ची. वसाहतीच्या भारतातल्या शाळा-कॉलेजांत इंग्रजी साहित्य त्याच्या कितीतरी आधी शिकवलं जात होतं, आणि राज्य चालवण्याशी त्याचा थेट संबंध होता, अशी मांडणी गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली केली. १९६८ साली नैरोबीच्या विद्यापीठात केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकन साहित्य मध्यभागी ठेवायचा प्रस्ताव मांडला होता. अभ्यासक्रमात कोण आहे आणि कोण नाही, हा प्रश्न म्हणजे निबंधाचा विषय असतो, नुसती तक्रार नव्हे.

आता निबंध. पदवीतलं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत कमी समजावून सांगितलं जाणारं काम हेच. नेहमीची लांबी १,५०० ते २,५०० शब्द. दावा कसा घडतो ते ‘मॅक्बेथ’वरून बघू. ‘मॅक्बेथमध्ये महत्त्वाकांक्षेचं चित्रण आहे’ हा दावा नाही. त्याला शहाणा माणूस ‘नाही’ म्हणूच शकत नाही. ‘खून करण्याआधी मॅक्बेथ खून हा शब्द टाळतो’ हा मात्र दावा आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं स्वगत त्याला पोषक दिसतं: पहिल्या वाक्यात तो कृत्याला ‘इट’ म्हणतो, ‘डन’ हा एकच शब्द तीनदा घोळवतो, पुढेही आडवळणाचे शब्द वापरतो. इथं खूश होऊन लिहायला बसणारा गोत्यात येतो. कारण त्याच अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ‘मर्डर’ आहे, दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात आहे, आणि खुद्द या स्वगतात ‘मर्डरर’ आहे. दावा पडला का? नाही, बारीक झाला. स्वगतातला ‘मर्डरर’ कुठे येतो ते बघा: मी यजमान, राजाच्या खुन्याला दार बंद करणं माझं काम. म्हणजे खुनी कोणी तिसराच असावा असं वाक्य सुरू होतं, आणि पुढच्या ओळीत सुरी त्याच्याच हातात येते. नवा दावा असा: तो शब्द टाळत नाही, त्या शब्दाचा कर्ता व्हायला वेळ लावतो. हा आधीच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि तो विरोधी पुरावा शोधल्यामुळे मिळाला. शब्दसूची किंवा संगणकावरचा शोध यासाठीच वापरायचा, आपल्या बाजूची उदाहरणं मोजायला नव्हे.

कामाचा क्रम साधारण असा ठेवावा. प्रश्नातली क्रियापदं अधोरेखित करा. ‘चर्चा करा’ आणि ‘कितपत मान्य आहे’ यांची उत्तरं वेगळी. २५-३० अवतरणं अंक-प्रवेश-ओळीसह वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा, गट पाडा, त्यांतली ८-१२ ठेवा. अवतरण जितकं आखूड तितकं त्यावर बोलता येतं. एका ओळीच्या अवतरणामागे आपल्या तीन-चार ओळी तरी हव्यात. परिच्छेद २५०-३०० शब्दांचा, आणि त्याचं पहिलं वाक्य कथानकाचं नको. ‘नंतर मॅक्बेथ किल्ल्यात जातो’ असं सुरू झालं की तपासणारा समासात ‘कथानक’ लिहून पुढे जातो. कलाकृतीबद्दल लिहिताना वर्तमानकाळ, तिच्या प्रकाशनाबद्दल भूतकाळ. एमएलए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत कवितेच्या तीनपेक्षा जास्त किंवा गद्याच्या चारपेक्षा जास्त ओळी असतील तर अवतरण वेगळं, आत सरकवून; त्याहून कमी असेल तर वाक्यातच, आणि कवितेच्या ओळी तिरक्या रेघेने तोडून. पहिला खर्डा संपेपर्यंत दावा सरकलेला असतो, म्हणून प्रस्तावना शेवटी पुन्हा लिहायची. ‘मानवजातीच्या आरंभापासून’ अशी सुरुवात असेल तर ती सरळ कापायची.

समीक्षकांना वापरण्यातही असाच गोंधळ होतो. २,००० शब्दांच्या निबंधाला चार ते सहा लेख पुरतात. अलीकडचं एखादं चांगलं पुस्तक घेऊन त्याच्या संदर्भसूचीतून मागे मागे जायचं. लेख वाचताना पहिल्या दोन-तीन पानांत लेखक कोणाशी भांडतो आहे ते शोधायचं. तो सापडला की उरलेला लेख निम्म्या वेळात कळतो. समीक्षकाचं वाक्य आपल्या मताला ठिगळ म्हणून लावायचं नसतं, त्याच्याशी थोडं तरी असहमत व्हायचं असतं. टिपण काढतानाच अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक घाला. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं बदमाशीतून नव्हे, तर तीन आठवड्यांनी वहीतलं वाक्य आपलं की त्यांचं हे न कळण्यातून उभी राहतात.

परीक्षेबद्दल थोडक्यात: तीन तासांत तीन उत्तरं असतील तर प्रत्येकी दहा मिनिटं आराखडा, पंचेचाळीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं वाचन. पाठ करायची ती तीन ते सहा शब्दांची अवतरणं. घरून तयार करून आणलेला निबंध प्रश्न न बघता ओतणं हा नापास होण्याचा नव्हे, पण मध्यम गुणांत अडकण्याचा हमखास मार्ग.

शेवटच्या वर्षाची प्रबंधिका ८,००० ते १०,००० शब्दांची असते, आणि ती विषय निवडतानाच बिघडते. ‘डिकन्समधलं दारिद्र्य’ या विषयाला आयुष्य पुरणार नाही. त्याऐवजी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकात ३६ हप्त्यांत आली आणि मग तीन खंडांचं पुस्तक झाली. प्रत्येक हप्ता कोणत्या वाक्यावर थांबतो, आणि सलग पुस्तकात त्या थांब्याचं काय होतं? हा प्रश्न एका माणसाला एका वर्षात झेपतो. ३६ ओळींचा तक्ता करायचा: हप्ता, प्रकरणं, शेवटचं वाक्य, पुढच्याचं पहिलं वाक्य. त्यातून दोन-तीन नमुने दिसले की तितकीच प्रकरणं, प्रत्येकी अडीच हजार शब्दांची. कादंबरीकार मित्र बुलवर-लिटनच्या सल्ल्यावरून डिकन्सने शेवट बदलला, हा किस्सा मोहात पाडतो. पण प्रश्न हप्त्यांचा असेल तर तो एका परिच्छेदापलीकडे जाऊ देऊ नये. मार्गदर्शकाला भेटायला जाताना ‘काय करू?’ असं विचारत जायचं नाही, दोन पानं लिहून न्यायची.

मुदतीच्या आधीचे दोन दिवस संदर्भसूची आणि अवतरणं यांसाठी राखून ठेवावेत. सोबत कोणीतरी बसवावं: एकाने छापील पुस्तकातून विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रबंधिकेवर बोट ठेवून जुळवायचं. सापडतात त्या चुका ठरलेल्या असतात. संगणकाने सुधारलेलं जुनं स्पेलिंग, गळालेला ‘नॉट’, कवितेच्या दोन ओळी जोडताना हरवलेली तिरकी रेघ, आणि आवृत्ती मध्येच बदलल्यामुळे चुकलेले पान क्रमांक. शेवटची चूक सापडली तर तिथं थांबून चालत नाही. त्या पुस्तकातली सगळी अवतरणं पुन्हा काढून बघावी लागतात.